काळ्याचा जांभळा

काळा कोट फोटोत काळा दिसावा, यापेक्षा मोठी मागणी आमच्या घराने कॅमेऱ्याकडे कधी केली नाही. पण दोन वर्षांपूर्वी अण्णांनी जुना डिजिटल कॅमेरा विकत घेतला आणि एवढीशी मागणीही पुरी होईना. मांडवातल्या हॅलोजनखाली नवरदेवाचा पॉलिस्टरचा काळा कोट वांग्याच्या रंगाचा आला. तोरणाची हिरवीगार आंब्याची पाने तांबूस, सुकल्यासारखी. एका यजमानांनी अल्बम उघडून चारचौघांत विचारले, "तुम्हाला रंग कळतात की नाही?" आणि ठरलेल्या पैशांतले दोन हजार कापून घेतले.

अण्णा सातवी शिकलेले. रोलच्या जमान्यात ते नुसत्या नजरेने उजेड जोखत. या प्रकारानंतर त्यांना कॅमेऱ्याची शंका आली नाही, स्वतःची आली. कारण स्टुडिओतल्या एलईडी दिव्याखाली तसलाच कोट चक्क काळा येई! म्हणजे यंत्र ठीक, माणूस अडाणी, असा त्यांचा हिशेब. "यात इंग्रजीतलं एखादं बटण असणार. शिकलेल्या माणसाचं काम आहे हे," ते म्हणू लागले. एक-दोन लग्नांच्या ऑर्डरी त्यांनी आपण होऊन दुसऱ्याकडे पाठवल्या. मग एके रात्री माहितीपुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "तू कॉलेजात जातेस ना, बघ जरा."

मी कला शाखेची. विज्ञान दहावीलाच सुटले. शब्दकोश घेऊन बसले, पण पुस्तकात या दुखण्याचा उल्लेखच नव्हता. दुसरीकडे शोधत गेले तेव्हा हळूहळू उलगडा झाला.

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी दिसतात. तांबड्याच्या पलीकडे अवरक्त किरण असतात. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्याच्या बाहेर, तांबड्याच्या पुढे तापमापक ठेवला आणि पारा चढला, तेव्हा ते उमगले. डिजिटल कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या सेन्सरला मात्र हे किरण अकराशे नॅनोमीटरच्या आसपासपर्यंत 'दिसतात'. म्हणून कारखान्यातच सेन्सरपुढे ते अडवणारी एक पातळ काच बसवतात. अनेक कृत्रिम धाग्यांचे काळे कापड दिसणारा प्रकाश गिळते, अवरक्त मात्र परतवते. झाडाची पाने तर ते भरपूर परतवतात. हॅलोजनमध्ये अवरक्त पुष्कळ असते, पांढऱ्या एलईडीत जवळजवळ नसतेच. स्टुडिओतल्या काळ्या कोटाचे कोडे इथे सुटले.

आता प्रश्न आमच्या कॅमेऱ्यातल्या काचेचा. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरला आणि बटण दाबले. डोळ्यांना काही दिसेना, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर रिमोटचे टोक बॅटरीसारखे पेटले! गावातल्या दुसऱ्या फोटोग्राफरकडे त्याच मॉडेलचा कॅमेरा होता. त्यात जेमतेम ठिणगी. आमच्या कॅमेऱ्यातली काच आधीच कुणीतरी काढून टाकलेली होती. काही हौशी लोक अवरक्त छायाचित्रे घेण्यासाठी मुद्दाम तसे करून घेतात. विकणाऱ्याने तेवढे सांगितले नाही.

अण्णांना मी आणखी एक हकिकत सांगितली. २००६ साली आलेल्या लायका एम८ या जर्मन कॅमेऱ्यात ही काच फार पातळ ठेवली होती. त्याची किंमत आमच्या स्टुडिओतले सगळे सामान विकूनही निघणार नाही. त्यातही काळे कपडे जांभळे येत, आणि शेवटी कंपनीने ग्राहकांना भिंगावर लावायचे दोन-दोन फिल्टर फुकट दिले. हे ऐकून अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे त्या साहेबांनाही कळेना तर!" त्या रात्री ते नीट जेवले.

उपाय तोच होता: अवरक्त अडवणारा फिल्टर. भिंगाच्या तोंडावरचा आकडा पाहून त्याच मापाचा मागवायचा. समोरून तो साध्या काचेसारखा दिसतो. बाजारात 'अवरक्त फिल्टर' म्हणून जवळजवळ काळी काचही मिळते, पण ती उलट अवरक्तच आत सोडते. ती नको. आमचा फिल्टर आला तेव्हा अण्णांनी आधी रिमोट पेटवून पाहिला. टोक विझल्यासारखे झाले. मग आईची काळी पॉलिस्टरची साडी दोरीवर टाकून हॅलोजन लावला. साडी काळी, मागची तुळस हिरवी. आई म्हणाली, "एवढ्यासाठी माझी घडी मोडलीत?"

एक खोड मात्र राहिली. या फिल्टरवरचा लेप तिरक्या किरणांना थोडा तांबडा रंगही अडवतो. त्यामुळे भिंग फार रुंद ठेवले की फोटोचे कोपरे निळसर होतात, आणि कडेला उभे राहिलेले पाहुणे थंडीने काकडल्यासारखे दिसतात. अण्णा आता ग्रुप फोटोला भिंग रुंद करत नाहीत. चार पावले मागे सरकतात. मांडव लहान असेल तर थेट रस्त्यावर जातात, आणि मी मागून येणाऱ्या मोटारसायकली थांबवते.