माल्टाच्या खडकाखाली

वाचकहो, ज्यांनी ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचली आहेत त्यांना मेलिता हे नाव परके नाही. फुटलेल्या तारवातून किनाऱ्यास लागलेल्या संत पौलासाठी ज्या बेटावरील लोकांनी थंडीपावसात शेकोटी पेटविली, तेच आजचे माल्टा. सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवर हे बेट आहे. घर असो, शेताचा बांध असो की ख्रिस्तमंदिर, सारे काही एकाच मधाळ रंगाच्या चुनखडीच्या दगडाचे. हा दगड मऊ असल्यामुळे हातकुदळीनेही कोरता येतो. याच गुणाने दुसऱ्या महायुद्धात सहस्रावधी जीव वाचविले.

माल्टा त्या वेळी इंग्रजांच्या ताब्यात होते व त्याच्या प्रशस्त बंदरात त्यांचे आरमार असे. १० जून १९४० रोजी इटलीने युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बेटावर बॉम्ब पडू लागले. बंदराकाठची कुटुंबे हातगाड्यांवर गाद्या व भांडीकुंडी लादून आतल्या खेड्यांकडे निघाली. शहरचे लोक आणि गावचे लोक यांच्या चालीरीती निराळ्या. परंतु दारे उघडली गेली आणि एकेका घरात दोन-दोन चुली पेटल्या.

बंदराजवळच्या बिरगू गावी तटाखालची भुयारे आजही पाहावयास मिळतात. पायऱ्या उतरताच अंगास गारवा आणि ओल जाणवते. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंस कोनाड्यांएवढ्या खोल्या, एका बाजूस बाळंतिणीची खोली. घरावर बॉम्ब पडत असता जी बालके याच खडकात जन्मली, त्यांनी आईच्या मुखाबरोबर प्रथम पाहिला तो दिव्याचा धूर. रात्री भुयारांत जपमाळेची प्रार्थना चाले. पण नुसत्या भक्तीने भिंती कोरडी होत नाहीत. दाटीमुळे खरूज पसरली, विषमज्वर आला व १९४२ च्या अखेरीस बालपक्षाघाताची साथही आली.

बॉम्बहून भुकेचा धाक मोठा होता. बेटावर पिकते त्यात तेथील सुमारे पावणेतीन लाख लोकांचे पोट भरत नसे. आणि जहाजे तर वाटेतच बुडविली जात. मे १९४२ पासून पाव माणशी दिवसास सुमारे ३०० ग्रॅम मिळू लागला. रॉकेल दुर्मीळ झाले, तेव्हा पडक्या घरांची दारे चुलीत गेली. जुन्या टायरांच्या वहाणा झाल्या, कांबळ्यांचे कोट झाले. खेड्यांतून दारोदार दूध देत फिरणाऱ्या शेळ्या चाऱ्यावाचून व मांसासाठी कापल्या गेल्या. सरकारने ‘विजय स्वयंपाकघरे’ काढली; शिध्याचा काही भाग सोडून द्यावा आणि तेथून शिजलेले अन्न न्यावे, अशी रीत होती. पातळ रस्सा पाहून गृहिणी संतापत, कुरकुर करीत. तरीही १९४३ च्या आरंभी दीड लाखांहून अधिक लोक त्या अन्नावर जगत होते. आपल्या घरची चूल विझणे हे केवढे दुःख, हे कोणत्याही आईस सांगावयास नको.

बेटाच्या मध्यभागी मोस्टा येथे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचे ख्रिस्तमंदिर आहे. त्याचा घुमट जगातील मोठ्या घुमटांत गणला जातो. ९ एप्रिल १९४२ रोजी दुपारी मिस्सासाठी अडीचशे-तीनशे भाविक जमले असता एक बॉम्ब घुमट भेदून फरशीवर आदळला. पण फुटला नाही. कोणाच्याही जिवास धक्का लागला नाही. तशाच एका बॉम्बची प्रतिकृती तेथे ठेवलेली आहे व यात्रेकरू तिच्यापुढे स्तब्ध उभे राहतात.

परंतु त्याच दिवशी लुआ गावी बॉम्बने एका आश्रय-भुयाराचा घात केला आणि आत बसलेली कित्येक माणसे मृत्यू पावली. त्यांची प्रार्थना का कमी पडली? हा प्रश्न मोस्टाच्या घुमटाखाली उभे राहून मनात आल्यावाचून राहत नाही आणि त्याचे उत्तर कोणाही मनुष्यापाशी नाही. लोकांनी एकीकडे आभार मानले, दुसरीकडे प्रेते पुरली, आणि सकाळी पुन्हा पावासाठी रांग धरली. श्रद्धा कदाचित याच तिन्ही गोष्टी मिळून होत असेल.

त्याच महिन्यात, १५ एप्रिल रोजी, इंग्लंडच्या राजाने साऱ्या बेटास ‘जॉर्ज क्रॉस’ हे शौर्यपदक दिले. पदकाने पोट भरले नाही. ऑगस्टमध्ये निघालेल्या १४ मालवाहू जहाजांपैकी अवघी ५ पोहोचली. त्यांतील अखेरचे, ‘ओहायो’ हे तेलाचे जहाज, छिन्नविच्छिन्न अवस्थेत दोन युद्धनौकांच्या मध्ये बांधून बंदरात आणले गेले, तो दिवस होता १५ ऑगस्ट, स्वर्गोन्नयनाचा सण. माल्टाचे लोक आजही त्या तांड्यास ‘सांता मारीया’चा तांडा म्हणतात.

युद्धात तेथील सुमारे दीड हजार नागरिक मेले. पुढे शांतता आली, तरी कामाअभावी सहस्रावधी तरुण ऑस्ट्रेलिया आदी देशांस निघून गेले. ज्या घरांनी बॉम्ब सोसले, त्यांनी मग हा विरहही सोसला.

मोस्टाच्या मंदिरासमोरही असेच एक भुयार आहे. माल्टास जाणाऱ्याने घुमट पाहून लगेच परतू नये. त्या पायऱ्या उतराव्यात. वर वाचलेल्यांचे स्मरण होते, खाली जगण्यासाठी झटलेल्यांचे. भिंतींवर कुदळीच्या खुणा आहेत. त्यांवरून हात फिरवावा, आणि आपल्या घरी जी चूल आज निर्धास्तपणे पेटते तिच्याबद्दल देवाचे उपकार मानावेत.