छत्रीतली बिऱ्हाडं

आषाढात तलासरी-उधवा रस्त्याला वारली बाया अळंबी विकायला बसतात. सागाच्या पानांवर छोटे छोटे वाटे, देठांना अजून वारुळाची माती. एकदा मी पूर्ण उमललेली, ताटलीएवढी छत्री उचलली. विकणाऱ्या आजीने ती माझ्या हातून घेतली, देठ उभा चिरून दाखवला. आत बारीक भुयारं, भुयारांत दुधी अळ्या, डोकी काळी कुळकुळीत. तिने मला कोवळ्या कळ्यांचा वाटा दिला. टाकून दिलेली ती छत्रीही मी मागून घेतली.

ही अळंबी म्हणजे वाळवीचं पीक. चावलेल्या पाल्या-लाकडावर वाळवी वारुळाच्या पोटात बुरशी वाढवते, तिच्यावर जगते. पाऊस जिरला की तीच बुरशी माती फोडून वर येते. आणि त्या छत्रीत चिलटांची बाळंतपणं होतात! योहान मायगेन या जर्मन कीटकतज्ज्ञाने १८०३ साली अशा चिलटांना ग्रीक नाव दिलं. त्याचा अर्थ अळंबीवर जीव असलेली. पुढे सगळं कुळच त्या नावाने ओळखलं जाऊ लागलं.

डहाणूला घरी येऊन बरणीत ओली माती घातली, वर छत्री ठेवली, तोंडाला मलमल बांधली. दोन दिवसांत छत्रीचा काळा चिखल झाला. घर विरघळायच्या आत अळीला वाढून घ्यावं लागतं. केवढी ही घाई! अळ्या मातीत उतरल्या. मग काहीच दिसेना. रोज सकाळी मी बरणीपाशी जाऊन उभा राहायचो. अकराव्या दिवशी मलमलीला आतून चिलटं बिलगली होती. पाठीला कुबड, मान खाली, पाय अंगाच्या मानाने फार लांब. मला ती सुंदर वाटली.

१९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, तेव्हा आम्ही समुद्र आणि चिकूच्या वाड्याच डोळ्यांसमोर आणल्या. या चिलटांना लागतो कुजता ओंडका, ओली सावली, न झाडलेला पाचोळा. नाजूक म्हणायचं तर हेही तितकंच नाजूक.

संध्याकाळी महालक्ष्मीच्या डोंगरापायथ्याशी ऐनाखाली बरणी उघडली. चिलटं उजेडाकडे गेली नाहीत, मुळांच्या काळोखात शिरली.

यंदा त्या रस्त्याने गेलात तर कळ्यांचा वाटा आजीकडून जरूर घ्या. रानात उमललेली, भोकं पडलेली छत्री दिसली तर मात्र उपटू नका. आत बिऱ्हाडं आहेत.