उन्हवऱ्याचं पाणी आणि माझा तळपाय
भाताची लावणी उरकली की गुडघे धरतात. म्हणून दरवर्षी आम्ही दोघं दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याच्या कुंडावर जातो. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, जमिनीच्या पोटात तापतं आणि गंधकाचा वास घेऊन वर येतं. अंग मोकळं होतं, रात्री झोप लागते.

यंदा घरी आल्यावर हिला माझ्या तळपायावर फोड दिसला. मला पत्ताच नव्हता. डॉक्टर म्हणाले, "शुगरनं पाय बधिर झालाय, चटका कळत नाही. गरम पाण्यात पाय बुडवू नका."

शुगरवाल्यांनो, चिखलातून आल्यावर तळपाय रोज बघत जा. मी आता काठावर बसून गुडघ्यावर तांब्यानं पाणी घेतो, तेही हिनं हात घालून बघितल्यावरच.