वर्षअखेर नेमकं काय करता येईल?

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत चोरांनी आपली वेगळी वाट काढली होती. बनावट कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएमसमोर माणसं उभी राहिली, आणि त्यांच्या मागण्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत न पोचताच मंजूर होऊन परत येऊ लागल्या. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशयंत्रणेमार्फत आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला गेले. एकूण फटका ९४ कोटींच्या वर.

सायबर सुरक्षेतली तरुण मुलं ‘यंदा काय शिकू?’ असं विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना हे प्रकरण वाचायला देतो आणि त्यातलं काय कळलं नाही ते लिहून आणायला सांगतो. बँकेच्या एसओसीत, म्हणजे सुरक्षेवर पहारा ठेवणाऱ्या कक्षात, रात्रपाळी करणाऱ्या एखाद्या मुलीला अलर्ट बघणं, टिकिट उघडणं, वर एस्केलेट करणं हे सगळं सवयीचं असतं. पण कार्ड घातल्यापासून नोटा बाहेर येईपर्यंत संदेश एटीएमकडून स्विचकडे (हीच ती मंजुरीची यंत्रणा) आणि तिथून कोअर बँकिंगकडे, म्हणजे बँकेच्या मुख्य प्रणालीकडे, कसा जातो, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. तिचं वर्षाचं उद्दिष्ट तिथंच सापडतं: हा रस्ता समजून घ्यायचा, आयएसओ ८५८३ या मानकातले संदेश वाचता यायला हवेत, आणि स्विचने दिलेल्या मंजुऱ्या कोअर बँकिंगमधल्या नोंदींशी जुळत नसतील तर ओरडणारा एक नियम वर्षअखेरीपर्यंत लिहून चालवून दाखवायचा. झालं की नाही, हे कुणालाही तपासता येतं.

प्रत्यक्षात बहुतेकांची उद्दिष्टं अप्रेझलच्या हंगामात, फॉर्म भरायच्या शेवटच्या संध्याकाळी ठरतात. ‘एक सर्टिफिकेशन पूर्ण करणे.’ कुठलं? मित्राने केलं ते.

सर्टिफिकेटला नावं ठेवण्यात अर्थ नाही; अनेक ठिकाणी बायोडेटा त्याशिवाय पुढे सरकत नाही. मात्र परीक्षेचा स्वभाव ओळखून वर्ष निवडावं. सीआयएसएसपीसाठी आठपैकी किमान दोन विषयक्षेत्रांत मिळून पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदवी किंवा मान्य सर्टिफिकेट असेल तर त्यातलं एक वर्ष माफ होतं. पहिल्याच नोकरीच्या पहिल्या वर्षी ते ध्येय फॉर्मवर लिहिणारे भेटतात, तेव्हा त्यांनी माहितीपत्रक उघडलं तरी होतं का, अशी शंका येते. ओएससीपीची परीक्षा २३ तास ४५ मिनिटांची, हाताने यंत्रं फोडून दाखवायची. त्यानंतरच्या २४ तासांत अहवाल द्यायचा. यंत्रं फुटली आणि अहवाल ढिसाळ निघाला, तर सगळं मुसळ केरात.

अहवाल लिहिण्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात, आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. सहा तासांत काय घडलं, काय कळलेलं नाही, काय थांबवलं, हे सरळ वाक्यांत मांडणारा माणूस घटनेच्या रात्री सगळ्यांना हवा असतो. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं इंग्रजी अहवालाला बिचकतात आणि म्हणून आणखी एक टूल शिकत बसतात. त्यांनी दर महिन्याला एका जुन्या, जाहीर घटनेवर दोन पानं लिहावीत आणि ज्येष्ठाकडून लाल शाईने भरून घ्यावीत. कंटाळवाणं आहे, पण पुढच्या अप्रेझलआधी फरक दिसतो.

दुसरं दुर्लक्षित उद्दिष्ट म्हणजे आपल्या यंत्रणेचं रोजचं वागणं पाठ असणं. १९८६ मध्ये क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या संगणक-हिशेबात ७५ सेंटांची तफावत दिसली. तिचा माग काढता काढता तो केजीबीला माहिती विकणाऱ्या जर्मन हॅकरपर्यंत पोचला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, आणि एक्सझेड या लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पेरलेलं मागचं दार उघडकीला आलं. गंमत म्हणजे दोघांपैकी एकही पेशाने सुरक्षातज्ज्ञ नव्हता.

यंत्रणेचं असं निरीक्षण ऑफिसात जमत नसेल, तर घरी जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून दोन-तीन यंत्रं उभी करावीत आणि वायरशार्कमध्ये त्यांची बोलणी ऐकत बसावं. सराव मात्र स्वतःच्याच यंत्रांवर. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या प्रणालीत शिरलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘शिकत होतो’ या सबबीवर तिथं विसंबून राहू नये.

माझ्या मते वर्षाला दोनच उद्दिष्टं धरावीत आणि एक तिमाही कोरी ठेवावी, कारण या धंद्यात वेळापत्रक बाहेरचे लोक मोडतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या, अनेक सॉफ्टवेअरच्या पोटात नोंदी ठेवणाऱ्या घटकातली त्रुटी जाहीर झाली. तिची तीव्रता दहापैकी दहा. पॅच लावण्याआधीच लोक अडले, कारण हे लॉगफोरजे आपल्याकडे कुठं कुठं दडलंय, याची यादीच अनेक कंपन्यांकडे नव्हती. क्लाउडचा अभ्यास बाजूला ठेवून कितीजण ऐन नाताळात ती यादी करत बसले. असं काम उद्दिष्टांच्या फॉर्ममध्ये मागाहून लिहायला साहेबांची सहसा हरकत नसते. आधी विचारून मात्र घ्यावं.