परसातला उतार

चाकाने जमीन सोडावी असा मोह मुलांना केव्हा पडतो, हे सांगणे कठीण आहे. सायकल शिकणाऱ्या मुलाची आरंभी एकच इच्छा असते, की आपण पडू नये. तोल सावरता आला, की एक हात सोडून पाहावासा वाटतो, मग दुसरा. आणि तेही जमले, की वाटेत एखादा उंचवटा दिसताच पायांना आपोआप चेव येतो. त्या उंचवट्यावरून जाताना दोन्ही चाके क्षणभर अधांतरी राहतात. तो क्षण डोळ्यांचे पाते लवण्याइतकाच असतो. परंतु त्याच्यासाठी गुडघे किती वेळा फुटले, याचा हिशेब घरोघरच्या आयांनाच ठाऊक असतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात १९७० च्या सुमारास मुलांनी मोटारसायकलींच्या शर्यती पाहून आपल्या लहान सायकली मातीच्या टेकाडांवरून उडवण्यास प्रारंभ केला. पुढे तो खेळ बीएमएक्स या नावाने वाढला आणि २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिक स्पर्धांत जाऊन पोचला. जळगावच्या एका परसात मात्र तो आला धुळ्याहून, मे महिन्याच्या सुटीत, एस.टी.च्या गाडीने, बारा वर्षांच्या एका मामेभावाबरोबर.

धुळ्याच्या जुन्या वस्तीत गल्ल्यांना क्रमांक आहेत. अशाच एका गल्लीत त्याचे घर होते. गल्लीत परस कोठून असणार? म्हणून दिवाळीत त्याने रस्त्यावरच विटा रचल्या, त्यांवर फळी टेकवली आणि सायकल उडवली. फळी मागे सरकली. डावा हात मनगटापाशी मोडला आणि सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये राहिला. हे सर्वांना ठाऊक होते. त्यानंतर तो सायकलीवर एकदाही बसला नव्हता, हे मात्र त्याने कोणालाच सांगितले नव्हते. उलट, आतेभावापुढे त्याने उड्यांचे असे वर्णन केले, की अकरा वर्षांचा तो धाकटा रात्रभर झोपला नाही.

सकाळी मागील दारी चार विटा आणि जुन्या कपाटाची एक फळी जमली. दोघांहून मोठी असलेली ताई कमरेवर हात ठेवून पाहत उभी होती. पडवीत आबा बसले होते. त्यांचे आयुष्य भुसावळला रेल्वेच्या रुळांची देखभाल करण्यात गेले होते. एखादी गोष्ट तिरपी दिसली, की त्यांना स्वस्थ बसवत नसे. ते उठले आणि त्यांनी फळीला पायाने हलकेच लोटले. फळी सरकली, विटा कोसळल्या. धाकटा हसला. पाहुण्याचा चेहरा मात्र पांढरा पडला, आणि ते ताईच्या नजरेतून सुटले नाही.

एवढ्यात आई बाहेर आली. “आबा, तुम्हीसुद्धा यांच्यात? या पोराच्या हाताला पुन्हा काही झाले, तर दादाला आणि वहिनीला मी काय सांगू?”

“नाही म्हटले तर ही मुले रस्त्यावर जातील,” आबा म्हणाले. “उडी मारायचीच असेल, तर ती माझ्या डोळ्यांसमोर मारू देत. आणि मी सांगेन तेव्हाच.”

आईने होकार दिला नाही. पण नकारही दिला नाही. सायकलीचे हेल्मेट डोक्यावर असल्यावाचून कोणी पायडलला पाय लावायचा नाही, एवढे बजावून ती आत गेली.

आबांनी प्रथम फळीची खालची कड दाखवली. ती दोन इंच जाड होती. “रथाची मोगरी पाहिली आहेस ना?” त्यांनी धाकट्याला विचारले. जळगावात १८७२ पासून कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. एवढा मोठा रथ आवरायचा, तर त्याच्या चाकाखाली लाकडाची मोगरी घालतात. ती काम करणाऱ्या माणसांकडे भाविक जितक्या आदराने पाहतात, तितक्याच धास्तीनेही पाहतात. “चाकासमोर एकदम आडवे काही आले, की चाक अडते. तेवढ्याने रथ थांबतो. मग तुझी सायकल थांबणार नाही का? सायकल थांबेल, पण तू थांबणार नाहीस. चढाचा पायथा जमिनीत असा मिसळला पाहिजे, की चाकाला तो कळता कामा नये.”

मग चढ किती असावा हा प्रश्न निघाला. मुलांचा बेत तीन फूट फळी दोन फूट उंच टेकवण्याचा होता. आबा मनमुराद हसले. मुंबईहून भुसावळकडे येणारी गाडी कसाऱ्याचा थळ घाट चढते, तेथे ३७ फुटांत १ फूट असा चढ आहे. आणि तेवढ्यासाठी गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. सायकल म्हणजे आगगाडी नव्हे, हे खरे. तरीसुद्धा ४ फुटांत १ फूट याहून अधिक चढ देण्यास ते राजी झाले नाहीत. धाकट्याला ती उंची अपमानास्पद वाटली. आपल्या गुडघ्याएवढ्याही नसलेल्या उंचवट्यावरून उडी मारायची, ही काय उडी झाली?

“चढाचे मला भय नाही,” आबा म्हणाले. “उतरशील कोठे?”

हा प्रश्न खरोखरच कोणी मनात आणला नव्हता. धुळ्याच्या गल्लीतही आणला नव्हता. उडी म्हणताच मुलांच्या डोळ्यांपुढे वर जाणारी सायकल उभी राहते. खाली येणारी सायकल कोणाच्या स्वप्नात येत नाही.

त्या संध्याकाळी झाडांना पाणी घालण्याची नळी आबांनी हाती घेतली. फळी जेवढी तिरपी ठेवायची होती तेवढीच नळी तिरपी धरून त्यांनी तोटी सोडली. पाण्याची धार वर चढली, वाकली आणि पुढे जमिनीवर पडली. जेथे पडली तेथे चिखल उडाला. ताईच्या परकरापर्यंत शिंतोडे आले. मग धार जेथे पडत होती तेथे त्यांनी ताईला एक फळी धरण्यास सांगितले; प्रथम आडवी, नंतर धारेच्या कलाने हळूहळू तिरपी. फळी तिरपी होत गेली तसतसे शिंतोडे कमी होत गेले. अखेर एक वेळ अशी आली, की पाणी फळीला भिडताना आवाजदेखील होईना. ते तिच्यावरून नुसते घसरून पुढे वाहू लागले.

“धार तीच, नळी तीच,” आबा म्हणाले. “मग आपटणे कोठे गेले?”

बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर पाहुणा हळूच म्हणाला, “ती जिकडे चालली होती, तिकडेच फळी कललेली आहे. तिला आपटायला जागाच उरली नाही.”

फेकलेल्या वस्तूच्या या वाकलेल्या वाटेला गणितात अन्वस्त म्हणतात. इटलीतील गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती सिद्ध करून दाखवली. परंतु हा शब्द मुलांना पुढे वर्गात भेटेलच. त्या संध्याकाळी त्यांना ती वाट ओल्या हातांनी सापडली होती.

धाकट्याला दुसराच उपाय सुचला. केळीच्या वाळलेल्या पानांचे भारे आणि कडबा आणून त्याने उतरण्याच्या जागी गादीसारखा ढीग घातला. मऊ जागी पडले तर लागत नाही, हा त्याचा तर्क वरवर पाहता बिनतोड होता. आबांनी वाद घातला नाही. त्यांनी रिकामी सायकल चढावरून ढकलण्यास सांगितले. सायकल उडाली, तिचे पुढचे चाक कडब्यात रुतले आणि मागचे चाक वर येऊन ती चक्क पालथी झाली. तिच्यावर कोणी बसलेले असते, तर तो हँडलवरून पुढे फेकला गेला असता. पडणाऱ्या माणसाला मऊ जमीन हवी असते. फिरणाऱ्या चाकाला टणक जमीन हवी असते. ढीग तेथून हलला. पण तो वाया गेला नाही. घाटात गाडीचा ताबा सुटला तर तिला वळवून घेण्यासाठी चढावर जाणारा एक वेगळा रूळमार्ग ठेवलेला असतो, हे आबांनी सांगितले आणि तो ढीग परसाच्या अगदी टोकाला, कुंपणाच्या भिंतीपुढे लावला. ब्रेक लागला नाही, तरच त्याच्याशी गाठ पडायची.

आता रीतसर बांधणी सुरू झाली. परसातली काळी माती कामाची नव्हती. ती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात पायाला चिकटते. म्हणून अर्धा ब्रास मुरूम आणवला. जळगावच्या मे महिन्यात दुपारी अंगणात पाऊल ठेवणे अशक्य. तेव्हा काम पहाटे आणि दिवे लागण्याच्या वेळी चाले. चार-सहा इंचांचा थर पसरायचा, पाणी शिंपडायचे आणि धुम्मसाने ठोकायचे; मग दुसरा थर. चार फूट लांबीचा चढ, त्यापुढे तीन फुटांचा सपाट माथा आणि शेवटी सहा फुटांचा उतार; रुंदी चार फूट, उंची सर्वत्र एक फूट. चढ आणि उतार यांच्यामध्ये खड्डा ठेवावा, म्हणजे खरी मौज येईल, असे धाकट्याचे म्हणणे होते. पण माथा भरलेला असला, की ज्याची उडी तोकडी पडेल तो खड्ड्यात न पडता माथ्यावर पडतो; आणि ज्याला उडायचेच नाही तो नुसता वर चढून पलीकडे उतरू शकतो. हे दुसरे कारण आबांनी सहज सांगावे तसे सांगितले. सांगताना त्यांनी पाहुण्याकडे पाहिले नाही.

एक अडचण उरली होती. उतरल्यानंतर सायकल थांबण्यासाठी जी वीस फूट जागा हवी होती, तेथे आईच्या बिबड्या वाळत. खानदेशातील उन्हाळा बिबड्यांवाचून जात नाही, आणि आईच्या खाटा हलवणे हे मुरूम ठोकण्यापेक्षा अवघड होते. दिशा बदलावी, तर धुण्याचा दगड आडवा येई. शेवटी तह झाला: ऊन उतरेपर्यंत परस बिबड्यांचे, मुलांनी खाटा स्वतः उचलून आत ठेवल्या, की नंतर ते सायकलींचे. या तहात आईचाच लाभ अधिक झाला, हे मुलांच्या ध्यानात चार दिवसांनी आले.

पहिली उडी धाकट्याने मारली. त्याला तयार केले ते पाहुण्याने. पायडली समपातळीत ठेव, बैठकीवरून उठून उभा राहा, गुडघे आणि कोपरे सैल ठेव, हवेत असताना पुढच्या ब्रेकला बोट लावू नकोस, नजर चाकाकडे नको, उताराच्या टोकाकडे ठेव; हे सारे तो इतके नेमके सांगे, की ऐकणाऱ्याला धीर येई. आईने हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली स्वतः आवळला. आबांनी दोन्ही चाकांना चुन्याची निवळी लावली, म्हणजे चाक कोठे टेकले ते जमिनीवर उमटावे. ताई फीत आणि वही घेऊन बसली. सायकल सुटण्याची जागा चुन्याच्या रेघेने ठरवली होती; रेघ जवळ असली तर वेग कमी, दूर असली तर अधिक. वेग दुप्पट झाला, तर उडीची लांबी दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होते. म्हणून रेघ एका वेळी दोनच फूट मागे न्यायची आणि खूण उताराच्या मध्यापलीकडे गेली, की तेथेच थांबायचे. एक जण रेघेवर असताना दुसऱ्याने वाटेत यायचे नाही आणि आबा पडवीत नसतील, तेव्हा कोणीही उडायचे नाही.

आठ दिवसांत ताईच्या वहीची तीन पाने भरली. त्यांत तिच्या स्वतःच्या उड्या होत्या, धाकट्याच्या होत्या. पाहुण्याच्या नावापुढची ओळ कोरी होती. कधी त्याला तहान लागे, कधी पाण्याची बादली आणायची असे, कधी उताराची कड ढासळलेली दिसे आणि तो धुम्मस घेऊन ठोकत बसे. धाकटा त्याला भित्रा म्हणण्याच्या बेतात होता; ताईने त्याच्याकडे असे पाहिले, की तो शब्द ओठांवरच राहिला.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी खाटा आत गेल्या आणि धाकटा हात धुण्यासाठी वळला. मागे पाहुणा आणि आबा दोघेच उरले. पाहुण्याने हेल्मेट घातले. पट्टा लावताना त्याची बोटे थरथरत होती. तो रेघेवर गेला नाही. रेघेच्या बराच अलीकडे उभा राहिला आणि हळूच निघाला. सायकल चढावर चढली, माथ्यावरून गेली आणि पलीकडे उतरली. चाकांनी जमीन सोडली नाही. आबा काहीच बोलले नाहीत. त्याने सायकल वळवली आणि पुन्हा तसेच केले. तिसऱ्या वेळी तो रेघेवर जाऊन उभा राहिला. आबा उठले, त्यांनी चाकांना निवळी लावली आणि पुन्हा जागेवर जाऊन बसले.

आवाज असा फारसा झालाच नाही. चढाच्या कडेवर मुरुमाचा थोडा खरखराट, मग काही नाही, आणि मग उतारावरून घरंगळत गेलेल्या चाकांची सळसळ. ताई धावत आली. तिने फीत धरली. मागच्या चाकाची खूण कडेपासून तीन फूट पाच इंचांवर होती. उताराच्या आत पुरते पाच इंच. तिने तो आकडा कोऱ्या ओळीत लिहिला.

मागील दारात आई केव्हा येऊन उभी राहिली होती, कोणास ठाऊक. तिच्या हातात बिबड्यांचे घडी घातलेले कापड होते. “चला, हातपाय धुवा,” ती म्हणाली. “पाने वाढली आहेत.”

सकाळच्या गाडीने तो धुळ्याला गेला. उतारावरच्या त्या दोन पांढऱ्या खुणा जूनच्या पहिल्या सरीपर्यंत तशाच होत्या. धाकटा त्यांना चुकवून बाजूने उतरत असे.