नवसाचे रोडगे

माझ्या आईने माझ्यासाठी केलेला नवस दीड वर्ष फेडायचा राहिला होता. बारावीचा पहिला पेपर होता त्या सकाळी तिने आमच्या शेतातल्या मारुतीपुढे हात जोडून सांगितले होते, "पोरगं पास होऊन कॉलेजात गेलं तर एकशे एक रोडगे घालीन." मी पास झालो, कॉलेजातही आलो. पण त्या वर्षी सोयाबीनच्या पैशांत दुकानदाराची उधारीही पुरती फिटली नाही, आणि पुढे जे हाती आले ते आजीच्या दवाखान्यात गेले. मारुती बिचारा वाट पाहत राहिला. अखेर गेल्या मार्गशीर्षात कापूस विकल्यावर आईने जाहीर केले, "आता देवाचं देणं ठेवायचं नाई. येत्या शनिवारी रोडगे."

खरे सांगायचे तर मला राग आला. मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. सोळा किलो गहू, चार किलो तुरीची डाळ, बारा किलो वांगी, दोन किलो तूप, शिवाय तेल, मसाला, गूळ. एवढ्या पैशांत माझे परीक्षा शुल्क आणि एसटीचे चार महिन्यांचे पास निघत होते. आईला मी तो हिशोब वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "झाला तुहा हिशोब? आता त्याच्याच पाठीमागं नावं लिही. कोणाकोणाला बोलवायचं ते सांगते."

आमच्या वऱ्हाडातल्या वाचकांना रोडगे म्हणजे काय हे सांगायला नको. पण आपल्या महाविद्यालयात काही प्राध्यापक आणि विद्यार्थी बाहेरचेही आहेत, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गहू जरा रवाळ दळून आणायचा. त्यात मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून घट्ट कणीक मळायची. लहान लहान पाऱ्या लाटून, मध्ये तेलाचा हात लावत त्या एकावर एक ठेवायच्या आणि शेवटच्या पारीत सगळ्या गुंडाळून गोळा बंद करायचा. हा गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. भाजला की राख फडक्याने पुसून तो फोडायचा, आतले पापुद्रे मोकळे करून वर तूप सोडायचे आणि वांग्याच्या भाजीशी आणि वरणाशी खायचा. हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला लाखो माणसांची पंगत बसते, तिथे वांग्याच्या भाजीसोबत पुरी असते. पण शेतातल्या पंगतीला रोडग्याशिवाय शोभा नाही. आणि एक गंमत अशी की, एरवी घरात पाण्याचा पेला हाताने न घेणारे पुरुष त्या दिवशी विस्तवापुढे बसून रोडगे भाजतात.

आईने सांगितलेली नावे मी लिहीत गेलो. पहिलेच नाव ऐकून माझा पेन थांबला. ते मोठ्या बाबांचे होते.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या आणि त्यांच्या वावराच्या मधल्या धुऱ्यावरून तीन वर्षांपूर्वी भांडण झाले. हातभर रुंदीची जागा आणि तिच्यावरचा एक कडुनिंब. मोजणी झाली, तलाठ्याकडे खेटे झाले, आणि सख्ख्या भावांचे बोलणे बंद झाले. आमचा मारुती त्याच कडुनिंबाखाली, नेमका धुऱ्यावर बसलेला आहे. वडील बाजेवरून उठून बसले. "त्याचं नाव कशाला?" आई शांतपणे म्हणाली, "नवस माझा आहे. यादीबी माझीच राहील."

पुढची नावे मला विचित्र वाटली. त्यात जवळचे काही नातेवाईक नव्हते आणि नात्यात नसलेली माणसे पुष्कळ होती. पलीकडच्या आळीतली विधवा मावशी, गावातला शिंपी, फाट्यावरचा चहावाला, आमच्या एसटीचा एक कंडक्टर. मी विचारले, "कंडक्टर कशाला?" आई म्हणाली, "लिही म्हणलं ना."

शनिवारी पहाटेच आबांनी मला खड्डा खणायला लावले. चार हात लांब, दोन हात रुंद आणि हातभर खोल. मार्गशीर्षात वारा असतो, जवळ तुरीचे उभे पीक असते. उघड्यावर पेटवलेल्या गोवऱ्यांची ठिणगी उडाली तर वर्षाची कमाई जाईल. शिवाय खड्ड्यात आर टिकतो. गोवऱ्या मात्र विकत आणाव्या लागल्या. आबांच्या वेळी दावणीला सहा जनावरे होती, आता एकच गाय आहे. नांगरटी ट्रॅक्टरने होते, आणि ट्रॅक्टर शेण देत नाही.

गोवऱ्या रचून पेटवल्या. धूर थांबून लाल निखारे दिसू लागले तेव्हा आबांनी ते लांब काठीने पसरले. पोरांनी एका कोपऱ्यात आपले मडके बसवले. त्यात तुरीच्या कोवळ्या शेंगा, मीठ, आणि तोंडाशी तुरीचाच पाला कोंबलेला. पलीकडे रायगड जिल्ह्यात वालाच्या शेंगा अशाच मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यासह भाजतात, त्याला पोपटी म्हणतात. पार अमेरिकेतल्या मेन राज्यातही घेवड्याच्या वाळल्या बियांचे भांडे तापलेल्या खड्ड्यात रात्रभर पुरून ठेवण्याची चाल आहे, असे माझ्या वाचनात आले होते. म्हणजे जमिनीत खड्डा करून अन्न शिजवायचे आणि सगळ्यांनी भोवती बसून वाट पाहायची, ही काही एकट्या वऱ्हाडाची रीत नव्हे.

रोडगे निखाऱ्यावर चारही अंगांनी शेकले. मग आबांनी त्यांच्यावर गरम राख आणि आर ओढून सगळे झाकून टाकले. "आता पिकू दे," असे म्हणून ते विहिरीवर आंघोळीला गेले. जाताना मला सांगून गेले, "मी येईपर्यंत हात लावू नको."

मी मोबाइलवर वेळ लावली होती. चाळीस मिनिटे. रोडग्यांना किती वेळ लागतो हे मी चुलत्यांकडून ऐकले होते आणि त्यावर माझा भरवसा होता. तिकडे मंडळी जमली होती, पहिली पंगत बसली होती, वडील सारखे माझ्याकडे पाहत होते. वेळ झाली. मी राख बाजूला केली, तर वरचे रोडगे छान तांबूस दिसले. वीस-पंचवीस काढले, पुसले, मारुतीपुढे पाच ठेवले आणि बाकीचे पंगतीत वाढले.

पंगतीत पहिल्याच पानावर मोठे बाबा बसले होते. ते येतील असे कुणालाच वाटले नव्हते. त्यांनी रोडगा दोन्ही हातांनी फोडला, आणि मला इथूनच दिसले की आतून तो पांढराफटक, कच्चा आहे! कणीक बोटाला चिकटत होती. माझ्या कानशिलात रक्त चढले. तीन वर्षांनी माणूस दारी आला आणि मी त्याच्या पानात कच्चे अन्न वाढले. पाणउतारा करायला म्हणून मुद्दाम वाढले, असे कुणी म्हटले असते तर काय उत्तर होते माझ्याकडे?

मोठ्या बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग रोडगा वरणात कुस्करला, वर भाजी घेतली आणि खाऊ लागले. शेजारच्याने तोंड उघडले तसे म्हणाले, "खाय गुमान. पोराच्या हातचं हाय."

आबा धावत आले. मला काही बोलले नाहीत. खड्ड्यापाशी बसून त्यांनी एक रोडगा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "जड लागते ना? पिकला का हलका होते, अंगावर चीर पडते. घडी पाहून रोडगं पिकत नाई, पोरा. वरून आर भाजते, आतून राखच शिजवते." मला शाळेतले विज्ञान आठवले. राख उष्णतेला लवकर बाहेर जाऊ देत नाही. धडा पाठ होता, पण राख मात्र मीच उपसून ठेवली होती.

वडील काठी घेऊन एका बाजूने निखारे सारू लागले. तेवढ्यात मोठे बाबा हात धुऊन आले आणि खड्ड्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. दोघे भाऊ समोरासमोर, मध्ये खड्डा. कुणी बोलेना. थोड्या वेळाने मोठे बाबा म्हणाले, "इकडून राख कमी हाय. ओढ इकडं." वडिलांनी राख ओढली. एवढेच. पण तीन वर्षांतले ते पहिले बोलणे होते.

दुसऱ्या पंगतीचे रोडगे उत्तम झाले. पोरांनी मडके फोडून शेंगा वाटून खाल्ल्या.

संध्याकाळी भांडी घासताना मी आईला विचारले, "मोठे बाबा पहिल्या नंबरावर कशाला?" ती म्हणाली, "कॉलेजात नाव घालायचे पैसे कोणी देल्ले तुले? माझ्याजवळ कुठं होते?" आमच्या घरी बोलणे बंद असताना त्यांनी मोठाईच्या हाती ते पाठवले होते. वडिलांना त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. मग आईने एकेक नाव उलगडले. मावशीने एसटीच्या भाड्याला पैसे दिले होते. शिंप्याने पहिली पँट उधार शिवली. चहावाला उशिराच्या गाडीपर्यंत मला बाकावर अभ्यास करू देत होता. आणि गणपती-विसर्जनाच्या गर्दीत माझे पाकीट हरवले, त्या दिवशी त्या कंडक्टरने माझे तिकीट स्वतःच्या खिशातून फाडले होते. मी हे सगळे विसरलो होतो. आईला लिहिता येत नाही, म्हणून तिने ते लक्षात ठेवले होते.

एकनाथांच्या भारुडातली सून सासरची माणसे दूर व्हावीत म्हणून भवानीला रोडगा कबूल करते. माझ्या आईने रोडगा कबूल केला आणि माणसे जवळ बोलावली. मी ज्याला वायफळ खर्च म्हणत होतो, ती माझ्याच शिक्षणाची उधारी होती. फक्त तिची पावती कुठल्या कार्यालयात मिळत नाही.

धुऱ्याचा वाद मिटला असे मी लिहिणार नाही. तो अजून आहे. पण आता मोठे बाबा वडिलांना रस्त्यात दिसले की, "पाणी देल्लं का गव्हाले?" एवढे विचारतात.

दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवताना मी आईला म्हटले, "तिसऱ्या वर्षासाठी काय बोललीस मारुतीला?"

"काही नाई," ती म्हणाली. "आता तू बोल. अन् फेडायचंबी तूच."

मी अजून काही बोललेलो नाही. पण वहीचे ते पान जपून ठेवले आहे, आणि हिशोबाच्या मागच्या त्या यादीत या वर्षाची तीन नावे वाढवली आहेत.