ऋजुवालिकेच्या काठी गोदोहिकासन

गिरिडीहहून मधुबनकडे जाणाऱ्या वाटेवर बराकर नदी लागते. सम्मेतशिखरजीच्या ओढीने निघालेले यात्रासंघ येथे फार थोडा वेळ थांबतात. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी समोर असताना नदीकाठच्या लहानशा तीर्थासाठी सवड काढावी, असे सहसा कोणाला वाटत नाही. श्वेतांबर परंपरा मात्र याच बराकरला आगमांतील ऋजुवालिका मानते. भगवान महावीरांना केवलज्ञान झाले ते या नदीच्या काठी, जृंभिकग्रामाबाहेर. काही संशोधक ते गाव जमुईच्या बाजूला शोधतात. श्रद्धाळूंचे मस्तक मात्र येथील चरणपादुकांपाशीच नमते.

वैशाखात येथे आले की कल्पसूत्रातील वर्णन पुस्तकातले राहत नाही. पात्रात वाळू तळपत असते आणि वारा गरम असतो. या मुलखातील साल वृक्षांना नुकतीच नवी पाने आलेली असतात. तिथी वैशाख शुद्ध दशमी, परंपरागत गणनेने इसवी सनपूर्व 557. श्यामाक नावाच्या गृहस्थाचे शेत, जवळच एक जीर्ण चैत्य, सालवृक्ष, दोन दिवसांचा निर्जल उपवास आणि दिवसाचा चौथा प्रहर. साडेबारा वर्षांची साधना संपत आली होती. भगवान त्या वेळी पद्मासनात नव्हते, खड्गासनातही नव्हते. गाईची धार काढणारा बसतो तसे ते चवड्यांवर बसले होते. दिगंबर परंपरेतही तिथी, नदीकाठ आणि सालवृक्ष हेच येतात. या आसनाचा उल्लेख मात्र विशेषतः श्वेतांबर आगमांचा.

मराठीतला ‘उकिडवा’ हा शब्द आगमांतील ‘उक्कुडुय’ याच कुळातला आहे. ठाणांगसूत्रात बसण्याचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत उत्कुटुका आणि गोदोहिका असे दोन वेगळे गणले आहेत. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्राच्या चौथ्या प्रकाशात त्यांतील भेद नेमका दाखवला: टाचा भूमीवर टेकलेल्या असतील तर उत्कटिकासन, त्या उचलल्या की गोदोहिकासन. भेद काही बोटांच्या अंतराचा. पण त्या अंतराने सर्व काही बदलते.

टाचा उचलल्या की शरीराचा सारा भार दोन चवड्यांवर आणि बोटांवर येतो. आधाराची जागा तळहाताएवढी उरते. गुडघे पूर्ण मिटलेले, मांड्या पोटऱ्यांना चिकटलेल्या, पाठीचा कणा सरळ. बाहेरून पाहणाऱ्याला शरीर निश्चल दिसते, परंतु आत क्षणभरही विश्रांती नसते. शरीर किंचित पुढे झुकले की बोटे जमिनीवर रेटतात, मागे कलले की नडगीचे स्नायू ताणले जातात. कानातील तोलाचे इंद्रिय, डोळे आणि घोट्यांतील संवेदना मेंदूला सतत वार्ता देत राहतात. या आसनात झोप लागू शकत नाही, कारण डुलकी लागली की देह कलंडतोच. जैन साधनेत प्रमादाला इतका मोठा शत्रू का मानले, ते येथे उपदेशावाचून कळते. सहा बाह्य तपांतील कायक्लेश म्हणजे देहाला दिलेली शिक्षा, असे पुष्कळांना वाटते; हे आसन पाहिले की ती देहाकडून घेतलेली साक्ष वाटू लागते.

व्यापारी घरांना तोल ही गोष्ट शिकवावी लागत नाही. खोटी तराजू व खोटी मापे हा श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचा अतिचार आहे, हे लहानपणीच कानावरून जाते. तराजूच्या दांडीत लबाडी करता येते, चवड्यांवर बसलेल्या देहात येत नाही. भार एका बाजूला जास्त झाला, की तो त्याच क्षणी उघड होतो.

या आसनाचे नाव गवळ्याच्या कामावरून पडले, ही गोष्ट इतकी परिचित आहे की तिच्यापाशी कोणी थांबत नाही. थांबायला हवे. श्वेतांबर चरित्रग्रंथांनुसार दीक्षेनंतरचा पहिला उपसर्ग गोपालकाकडून झाला: बैल सांभाळले नाहीत म्हणून तो ध्यानस्थ भगवंतांवर धावून गेला. शेवटचा उपसर्गही गोपालकाचाच. त्याने दोन्ही कानांत खिळे ठोकले. सिद्धार्थ नावाच्या वणिकाच्या घरी खरक वैद्याने ती वेदना ओळखली आणि दोघांनी मिळून ते शल्य काढले. एका व्यापाऱ्याच्या दारी झालेली ही सेवा आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही, याचे नवल वाटते. आणि त्यानंतर ज्ञानाचा क्षण आला, तेव्हा देह बसलेला होता तो गोपालकाच्याच बैठकीत. ज्या हातांनी यातना दिली, त्या हातांच्या रोजच्या कामाचा आकार भगवंतांच्या देहाला परका राहिला नव्हता. ग्रंथकारांनी यावर भाष्य केलेले नसेलही. प्रसंगांचा क्रम मात्र बोलका आहे.

तीर्थाच्या आवारात कधी एखादे मूल चवड्यांवर बसून पाहते आणि हसत कलंडते. आजोबांना गुडघ्यांमुळे खाली बसणेही अवघड झालेले असते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हे आसन करूही नये. चित्त ज्या आसनात स्थिर होईल ते आसन घ्यावे, अशी मोकळीक हेमचंद्राचार्यांनीच ठेवली आहे. ते पायरीवर बसून पाहतात. मूल पुन्हा टाचा उचलते. गाडीचा भोंगा वाजतो. शिखरजीची चढण पहाटे सुरू करायची असते, आणि एकूण वाट सत्तावीस किलोमीटरांची.